मुलुंड ते क्लीव्हलंड, मार्गे नागपूर

माझे वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. जगात त्यांना दोनच जातींची माणसं दिसत: पासवाली आणि तिकीटवाली. तिकीटवाल्यांबद्दल त्यांना दया होती. बिचारे पैसे देतात आणि वर सरळ जातात, असं ते म्हणत.

सरळ जाणं हा त्यांच्या लेखी पासाचा अपमान होता. रेल्वेच्या नोकरांना मिळणाऱ्या फुकट पासावर वाटेत उतरायची मुभा असते, तिला ब्रेक जर्नी म्हणतात. ही मुभा म्हणजे सूचना नसून हुकूम आहे असं समजूनच आमचं घर चालत असे. नाशिकला मामेबहिणीचं लग्न होतं तेव्हा आम्ही नाशिक मागे टाकून भुसावळपर्यंत गेलो, तिथे बाबांच्या एका मित्राकडे वांग्याचं भरीत खाल्लं आणि उलटे नाशिकला आलो. तोवर अक्षता पडल्या होत्या. बाबा मांडवात सगळ्यांना भुसावळच्या भरिताबद्दल सांगत होते. फुकट ते पौष्टिक, ही म्हण लोक थट्टेत वापरतात. बाबांची तिच्यावर श्रद्धा होती.

या श्रद्धेचा सगळ्यात मोठा प्रसाद म्हणजे माझी ताई. ती मिरजेला जन्मली. मिरजेत आमचं कोणी नाही, तेव्हाही नव्हतं. आईचं माहेर साखरप्याजवळ, आंबा घाटाच्या पायथ्याशी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, म्हणून आठव्या महिन्यात बाबा तिला पोचवायला निघाले. मुंबईहून एसटीने गेले असते तर दुसऱ्या दिवशी घरी. पण एसटीला पास चालत नाही. म्हणून पासावर रेल्वेने कोल्हापूर, आणि तिथून घाट उतरण्यापुरती एसटी, असा बेत ठरला. त्यात पुण्याला एका काकांकडे मुक्काम, कऱ्हाडला संगम पाहायला उतरणं, आणि मिरजेला सतारी बनवणाऱ्यांची गल्ली. आईने जन्मात सतार मागितली नव्हती. त्या गल्लीत, अर्धवट कोरलेल्या भोपळ्यांच्या मधोमध तिला कळा सुरू झाल्या. ताई तिथल्याच एका दवाखान्यात झाली, आजूबाजूला सगळे परके. तिकडे आजी साखरप्याच्या स्टँडवर कोल्हापूरहून येणारी प्रत्येक एसटी बघत बसली होती.

यावरून आई कधी भांडली नाही. पण घरात काही सरळ काम वाकडं होऊ लागलं की ती एवढंच म्हणायची, "चला, आली मिरज." ताईला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हेही इथे सांगून टाकते.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ही ताई अमेरिकेत, क्लीव्हलंडला होती आणि तिला दिवस गेले होते. आम्ही तेव्हा मुलुंडला राहत होतो. बाबा निवृत्त झालेले, मी अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट. ताईला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं. लेक माहेरी येऊ शकत नाही तर माहेराने तिकडे जायला हवं, हे आईने त्याच दिवशी ठरवलं. तिच्या तोंडून ते इतकं सहज निघालं की जणू क्लीव्हलंड नाहूरच्या पुढचं स्टेशन होतं. पण तिचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. "माझ्या वेळेला माझी आई नव्हती," ती म्हणाली. "तिच्या वेळेला मी असणार."

प्रश्न तिकिटाचा होता, आणि तो मेहुण्यांनी सोडवला. ते कसलीशी यंत्रं विकत अमेरिकाभर विमानाने हिंडायचे. तिथल्या विमान कंपन्यांनी तेव्हा नवीनच टूम काढली होती. जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा, आणि पुरेसे साठले की एक तिकीट बक्षीस. मेहुण्यांनी आपले सगळे मैल सासूसाठी मोडले. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे त्यांचा फोन आला तेव्हा बाबा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला. रिसीव्हर ठेवून ते मला म्हणाले, "म्हणजे पासच की गं."

तिथेच आमचं नशीब फिरलं असं मला आजही वाटतं.

तिकीट होतं दिल्ली ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते न्यूयॉर्क, न्यूयॉर्क ते क्लीव्हलंड. बक्षिसाच्या जागा मुंबईहून शिल्लक नव्हत्या, दिल्लीहून होत्या. डोक्यावरून दिवसभर विमानं जात असताना विमान पकडायला दिल्लीला जायचं, याचं आईला हसू आलं. मेहुणे म्हणाले होते की मुंबई-दिल्लीचं विमान याच तिकिटाला जोडून मिळू शकेल, तेवढं तिकडच्या एजंटाला सांगा. आणि आपल्या खात्यावरच्या तिकिटात सासरे मुंबईहून बदल करू शकतील, असं त्यांनी कंपनीला लिहूनही दिलं होतं. हे त्यांनी चांगुलपणाने केलं. लग्नाला तीनच वर्षं झाली होती, बाबांना ते अजून ओळखत नव्हते.

एजंटचं ऑफिस घाटकोपरला, एका फरसाणाच्या दुकानाच्या वर. चालवणारी बाई गुजराती होती, मराठी फाडफाड बोलायची. तिला आम्ही बेन म्हणायचो, ती बाबांना काका. सांताक्रूझला उतरणारी विमानं नेमकी तिच्या छपरावरून जात, आणि ती बोलता बोलता तोंड तसंच उघडं ठेवून थांबे, विमान गेलं की वाक्य पुढे सुरू. बाबा प्रत्येक विमानाला खिडकीतून वाकून बघत. मी आईच्या वतीने बरोबर गेले होते. आईने मला बजावलं होतं, "दिल्ली जोडून घ्यायची आणि परत यायचं."

बेनने शेजारच्या ऑफिसातून टेलेक्स पाठवला. दोनेक दिवसांत उत्तर आलं: मुंबई-दिल्ली जोडलं, जादा काही नाही.

"जादा काही नाही?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, काका. एकाच तिकिटात बसलं."

परतताना बाबा लोकलमध्ये बोटांवर काहीतरी मोजत होते. मुलुंड आलं तसं ते म्हणाले, "अजून विचारायला हवं होतं."

त्यांना रात्रभर झोप लागली नसावी. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी आईला सांगितलं की परतीच्या वाटेवर ती दिल्लीला उतरणारच आहे, तर तिथून काशी किती लांब? मेहुण्यांचे मैल, गंगेचं स्नान, आणि आपला खर्च शून्य.

"अहो, मी बाळंतपणाला चाललेय," आई म्हणाली. "भारतदर्शनाला नाही."

"येताना म्हणतोय मी. जाताना नाही."

येतानाचं होतं म्हणून आईने सोडून दिलं. ती डिंकाचे लाडू वळत होती. बेनने पुन्हा टेलेक्स पाठवला आणि काशीही जोडली गेली. विमान कंपनीच्या या उदारपणाने बाबा हळवे झाले. रेल्वेत इतकी वर्षं काढली पण एवढी माणुसकी पाहिली नाही, असं त्यांनी बेनला सांगितलं. बेन म्हणाली, "काका, दर वेळेला मला अख्खं बुकिंग सोडून परत बांधावं लागतं. ही लोणच्याची बरणी आहे. सारखी उघडाल तर खराब होईल."

बाबा हसले. खिडकीच्या आत बसलेलं माणूस असंच बोलतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तेही उभं आयुष्य लोकांना असंच बोलत आणि मग तिकीट देत आले होते.

माझी आत्या नागपूरला असते. बाबांची ती एकुलती बहीण, आणि दोघांची बरीच वर्षं भेट नव्हती. आता आत्याला भेटायला जायचं तर बाबांनी जायला हवं, पासही त्यांचाच. पण त्या वर्षीचा पास त्यांनी रामेश्वरला, मार्गे बरंच काही, संपवून टाकला होता. त्यामुळे आईने अमेरिकेला जाता जाता नागपूरला उतरून आत्याची भेट घ्यावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. या वेळी त्यांनी आईला विचारलं नाही. मलाही नेलं नाही. एकटेच घाटकोपरला गेले, बेनसाठी पेढे घेऊन.

नागपूरमार्गे दिल्लीचं विमान आमच्या वाराला नव्हतं. मग वार बदलला. त्यासाठी जुन्या दिवसाच्या सगळ्या जागा सोडाव्या लागल्या. त्या सोडल्या आणि नव्या दिवशीच्या मागितल्या, तर नागपूर मिळालं, दिल्ली मिळाली, काशीही होती. दिल्लीपासून पुढे अमेरिकेपर्यंत मात्र बक्षिसाची एकही जागा नव्हती. जुन्या जागा तोवर दुसऱ्या कोणी उचलल्या होत्या.

थोडक्यात, माझ्या आईकडे आता क्लीव्हलंडला जाण्यासाठी मुंबई ते दिल्ली, मार्गे नागपूर, असं तिकीट होतं.

बाबांनी घरी येऊन हे सांगितलं ते असं: "वेटिंग लिस्टवर आहे." त्यांचा आवाज अगदी शांत होता. वेटिंग लिस्ट हा त्यांच्या घरचा शब्द. कोटा असतो, ऐनवेळी सुटतो, आपली माणसं असतात. त्यांनी जन्मभर शेकडो माणसांना वेटिंग लिस्टवरून आत घेतलं होतं. फ्रँकफर्टला आपली माणसं नाहीत हे त्यांच्या लक्षात यायला आठवडा गेला.

तो आठवडा मला विसरता येत नाही. आईने बॅग भरून ठेवली होती: लाडू, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, तिच्या जुन्या नऊवारीचं शिवलेलं दुपटं. ती बॅग दाराशी उभी असायची आणि येता-जाता आम्ही तिला अडखळायचो. आई ती हलवू देत नव्हती. ताईचे दिवस भरत आले होते. आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती "आली मिरज" देखील म्हणाली नाही. एकदा भाकरी थापताना मध्येच थांबून तिने मला विचारलं, "तिला तिथे तेल कोण लावेल गं?" मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेले. बाबा तिथेच उभे होते, आकाशात बघत. विमान चाललं होतं.

मग बेनचा निरोप आला, डॉक्टरांच्याच फोनवर. कोणीतरी रद्द केलं होतं, दिल्लीहून एक जागा सुटली होती. पण परवाची. मुंबई-दिल्लीच्या विमानात जागा नव्हती, ती जोड आता विसरायची.

आईने पदर खोचला. "दिल्लीला मी रेल्वेने जाते," ती म्हणाली. आणि मग बाबांकडे वळून, शब्द मोजून म्हणाली, "पण आता एकही जोड नको. नागपूर नको, काशी नको, कोणाची भेट नको. तुम्हाला माझी शपथ आहे. काही म्हणजे काही जोडायचं नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांनी आईचं काही निमूट ऐकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही दोघं आधी बॉम्बे सेंट्रलला गेलो. पास संपलेला होता. बाबा खिडकीसमोर, बाहेरच्या बाजूला, रांगेत उभे राहिले. आतल्या क्लार्कने त्यांना ओळखलं असावं. तो अदबीने उठला आणि म्हणाला, "साहेब, पास?" बाबा म्हणाले, "तिकीट. दिल्ली. दोन. सरळ गाडीची." पैसे त्यांनी दोनदा मोजून आत सरकवले. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा राग आला.

तिथून घाटकोपर. बेनने नवीन तिकीट बांधून तयार ठेवलं होतं. बाबांनी ते उघडून एकेका टप्प्याचं कूपन तपासलं. दिल्ली, फ्रँकफर्ट, न्यूयॉर्क. बेनने चष्मा वर केला आणि म्हणाली, "काका, घाईत एवढंच आलंय. पुढची जोड लावू का? परत उघडावं लागेल, उत्तर उद्या येईल."

वरून विमान जात होतं. ते जाईपर्यंत बाबा थांबले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तिकीट मिटलं आणि छातीशी धरलं.

"नको," ते म्हणाले. "आता काही जोडायचं नाही. काही उघडूही नका, बेन. हात जोडतो."

मी शेजारी होते. मला काहीच खटकलं नाही, आणि यात आमच्या घराण्याचा सगळा भूगोल आला. आमच्याकडे शेवटचा टप्पा तिकिटात कधी नसतोच. स्टेशनात उतरायचं, तिथे कोणीतरी घ्यायला आलेलं असतं, बैलगाडी घेऊन, सायकल घेऊन, नाहीतर नुसता कंदील घेऊन. न्यूयॉर्क आलं म्हणजे अमेरिका आली. शाळेच्या नकाशात न्यूयॉर्क आणि क्लीव्हलंड यांच्यात माझं बोटही मावत नव्हतं. जावई येतील की.

जावई क्लीव्हलंडच्या विमानतळावर उभे होते. सासूबाई न्यूयॉर्कहून दुसऱ्या विमानाने येणार अशी त्यांची खात्री होती, कारण त्यांनी स्वतः मांडलेलं मूळ तिकीट तसंच होतं. बाबांनी त्यांना फोनवर दिवस सांगितला होता, बाकी काही सांगण्यासारखं आहे असं कोणालाच वाटलं नाही.

बाबा आईला दिल्लीला विमानात बसवून परत आले. दाढी वाढलेली, पण सुटल्यासारखे दिसत होते. सरळ गाडीचा प्रवास कसा झाला, असं मी मुद्दाम विचारलं. "कंटाळवाणा," ते म्हणाले. "काही बघायलाच मिळत नाही." आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं त्यावर हसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांच्या बायकोने खालून हाक मारली. अमेरिकेचा फोन. बाबा अनवाणीच धावले, मी मागे. त्यांनी रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरला.

आई होती. आवाज लांबून येत होता आणि प्रत्येक वाक्य पोचायला थोडा वेळ घेत होतं.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "दोघी चांगल्या आहेत."

बाबांनी डोळे मिटले. "तू होतीस ना जवळ?"

उत्तर यायला वेळ लागला. तो तारेमुळे लागला की आईमुळे, ते सांगता येत नाही. न्यूयॉर्कला उतरल्यावर काउंटरवरच्या बाईने तिचं तिकीट बघून मान हलवली होती. पुढचं पान नव्हतं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण "फिनिश" एवढं कळलं. त्या बाईने भली माणुसकी दाखवून जावयांच्या घरी पुन्हा पुन्हा फोन लावला. तिकडे कोणी उचलत नव्हतं, कारण विमानतळावरून सासूशिवाय परतलेले जावई ताईला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले होते. कळा सुरू झाल्या होत्या. आई बॅग पायाशी धरून रात्रभर बाकावर बसली. सकाळी फोन लागला, जावयांनी पैसे भरून पुढचं तिकीट काढलं. ती पोचली तेव्हा मूल झालं होतं, न्हाऊन झोपलंही होतं.

आईने हे कुठेही आवाज न चढवता सांगितलं. बाबांच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि ते तो पुसत नव्हते.

"मिरजच झाली म्हणायची," ते कसेबसे म्हणाले. तिचं वाक्य तिच्याआधी त्यांनी बोलण्याची ही पहिली वेळ.

"नाही हो," आई म्हणाली. "मिरजेला या वेळी तुमची लेक होती. मी साखरप्याच्या स्टँडवर होते, माझ्या आईच्या जागी. इतकी वर्षं मी माझंच धरून बसले होते. ती तिथे बसून कशी असेल, ते मला काल कळलं."

आजी जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. तार खरखरत होती आणि डॉक्टरांच्या बायकोने हळूच स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"ऐकताय ना?" आईने विचारलं.

"ऐकतोय," बाबा म्हणाले. "तू परत येशील तेव्हा दिल्लीला मी घ्यायला येतो."

"या," ती म्हणाली. "पण सरळ या."